झोळीतला अडकित्ता

अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. कोमलनं मोबाइलवरचं घड्याळ बंद केलं आणि वरखाली होणाऱ्या झोळीला हलकेच हात लावून ती थांबवली. पंच्याण्णव सेकंदांहून जरा वर. तिसऱ्यांदाही तेवढेच.

“काय मोजून राहिली गं मघापासून?” दारात तूर निवडत बसलेल्या तिच्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी विचारलं.

“काही नाही, आत्याबाई.”

खरं सांगायची सोय नव्हती. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली पोर. सव्वा महिना होईपर्यंत तिला घरात तोलायचं नाही, दृष्ट लागते, असा गोजरबाईंचा हुकूम होता. आणि शिरड शहापुरातल्या या घरात त्यांच्या हुकमापुढं कुणाची मात्रा चालत नसे. पण बंदी तोलायची होती, झोके मोजायची नव्हती. हिंगोलीच्या तंत्रनिकेतनात कोमल मुलांना हेच तर शिकवायची. लवचीक वस्तू कशी हलते ते नीट मोजा, तिचा ताठपणा आणि तिच्यावरचं वजन, एकावरून दुसरं आपोआप कळेल.

झोळीची स्प्रिंग जवळा बाजारातून आणलेली. तिच्यावर ताठपणाचा आकडा कुठला असणार! म्हणून पोरीला दवाखान्यातून आणलं त्या संध्याकाळीच कोमलनं शंभर झोके मोजले होते. एक्क्याण्णव सेकंद. दवाखान्यातलं वजन एकोणीसशे ग्रॅम, वर झोळीचं लुगडं आणि दुपटं. एवढ्यावरून तिनं स्प्रिंगचा ताठपणा काढून ठेवला होता. आता झोका जितका मंद, तितकी पोर जड.

पोरीला घरी आणल्याला आज दहावा दिवस होता. उद्या दवाखान्यात दाखवायचं होतं. अडीचशे ग्रॅम वाढली तर घरी ठेवा, नाही तर पुन्हा काचेच्या पेटीत, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

कोमलनं दवाखान्याच्या कागदामागे हिशोब केला. दोनशे तीस.

वीस ग्रॅम कमी. मूठभर शेंगदाणे तेवढे भरतात. मूठभर शेंगदाण्यांसाठी पोर पुन्हा काचेआड जाणार होती, आणि कोमलला बाहेरून बघत बसावं लागणार होतं.

तेवढ्यात पोर रडायला लागली. ओल आज पहिल्यांदाच दुपट्यातून थेट लुगड्यापर्यंत गेली होती. पोरीला गादीवर ठेवून कोमलनं लुगडं सोडलं, तर त्याच्या घडीतून काहीतरी दाणकन फरशीवर पडलं. जुना लोखंडी अडकित्ता. तिनं उचलला. हातालाच कळलं, पाव किलोला कमी नाही.

वाढलेले दोनशे तीस ग्रॅम या लोखंडाचे होते तर! पोर वाढली नव्हतीच. उलट उतरली होती.

“आत्याबाई, हा कधी ठेवला?”

तिचा आवाज ऐकून गोजरबाई सूप टाकून आत आल्या. “रागं भरू नकू, माय. लेकराखाली लोखंड असावं लागतं. तुला पटत न्हाई म्हणून लपवून ठेवला.”

“पण कधी?”

“आणली त्याच दिशी. तू हातपाय धुऊन राहिली व्हतीस, तवा. पोर निजवायच्या आधी.”

“मधे काढला होता?”

“एक डाव बी न्हाई.”

कोमलनं पुन्हा पेन उचललं. म्हणजे पहिल्या संध्याकाळीही अडकित्ता झोळीतच होता. स्प्रिंगनं तेव्हाही तिनं धरलं त्याहून पाव किलो जास्त झेललं होतं. स्प्रिंग आपल्याला वाटली त्यापेक्षा ताठ होती! आणि ताठ स्प्रिंगचा झोका एवढा मंदावायचा, तर पोर जास्तच वाढलेली असणार. तिनं सगळं पहिल्यापासून मांडलं. मग दुसऱ्यांदा, सावकाश.

दोनशे त्रेपन्न.

तिनं कागद बाजूला ठेवला, गोजरबाईंचे तुरीच्या धुळीनं माखलेले दोन्ही हात धरले आणि त्यांत तोंड खुपसून रडली. दहा दिवस या बाईवर ती मनातल्या मनात चरफडत होती. आता त्या हातांचे उपकार कसे फेडावेत, हे तिला कळेना.

“अगं, झालं काय?”

“पोर वाढली, आत्याबाई. अडीचशेच्या वर. तुमच्या अडकित्त्यानं.”

“मंग! मी उगं ठेवला व्हता व्हय?” गोजरबाई म्हणाल्या, आणि एकदम त्यांचे डोळे बारीक झाले. “पण तुला कसं कळलं? तोलली तर न्हाईस ना?”

“नाही हो. नुसती झुलवली.”

गोजरबाईंचं समाधान झालं. त्या सुपाकडे वळल्या. कोमलनं स्प्रिंगला कोरडं लुगडं बांधलं. पोरीला आत ठेवायच्या आधी तिनं अडकित्ता ओढणीनं पुसला आणि लुगड्याच्या घडीत, होता त्याच जागी, स्वतःच्या हातानं ठेवला.