चमचाभर तेल

मुंबईहून आलेला रिपोर्ट डॉक्टर अरुंधतींनी टेबलावर ठेवला. समोर मच्छिंद्र आणि त्याची आई चतुराबाई. दाराजवळ त्याची विधवा भावजय कौसल्या उभी. खुर्ची रिकामी होती, पण सासूच्या बरोबरीनं ती बसत नसे. छातीत कळ आल्यावर मच्छिंद्रला जालन्याला ओढून आणलं ते मात्र तिनंच.

"कोलेस्टेरॉल ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण लायपोप्रोटीन ए फार वाढलंय. तुमचा भाऊ एकेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला ना? त्यालाही हेच असणार."

"तेलानं वाढतं ते," चतुराबाई ठासून म्हणाल्या.

कौसल्येच्या फोडणीनं माझा पुंजाराम गेला, हे त्यांनी सगळ्या पिंपळगावाला सांगून ठेवलं होतं. त्याचा दहावा झाला त्या दिवसापासून तेलाचा डबा त्यांच्या पेटीत आणि किल्ली कमरेला. एका भाजीला एक चमचा, तोही स्वतः मोजून. सहा वर्षं.

"नाही आजी, तेलाचा इथं काही संबंध नाही. रक्ताची गुठळी झाली की ती विरघळवणारा एक घटक रक्तात असतो. हे लायपोप्रोटीन दिसायला त्याच्यासारखंच. त्याची जागा अडवून बसतं, काम मात्र करत नाही. मग गुठळी तशीच राहते. हे जन्मतःच येतं. आईकडून, नाहीतर वडिलांकडून."

चतुराबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"कुणाकडून?"

"तुमचं रक्त तपासलं तर कळेल."

कौसल्या पुढं आली. असं काहीतरी कुणीतरी बोलावं म्हणून ती सहा वर्षं थांबली होती. आता कानावर पडलं, तर तिला सासूचं तोंड बघवेना.

"नगा तपासू, म्याडम. मामंजीकडूनच आलं असंल. ते आता न्हाईत, त्यांच्या जिवाला काई लागायचं न्हाई."

चतुराबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी चोळीची बाही वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"काढा, बाई. अन् रिपोट हिच्या हातात द्या."

सुई टोचली. चतुराबाई मोकळ्या हातानं कमरेच्या किल्लीची दोरी चाचपडू लागल्या.

"आजी, हलू नका."

"ही गाठ सुटंना," चतुराबाई म्हणाल्या. "कौसल्ये, तूच सोड."