रुतेंडोच्या चेहऱ्यावरचं तेज

"चेहरा सुजला, डोकं ठणकलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही," असं नर्सनं आसावरीला दोन वर्षांपूर्वी बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. स्वतःच्या डोहाळजेवणाच्या दिवशी ती ऑपरेशन टेबलवर होती, आणि तिच्या ओटीचे नारळ मैत्रिणींनी चटणीला वापरले.

आज आखातातल्या अल दुहैलच्या त्याच कंपाउंडात, क्लबहाउसमध्ये, डोहाळजेवण होतं मालविकाचं. पण सगळ्या जमल्या होत्या रुतेंडोभोवती. ही क्लबहाउसची साफसफाई करणारी झिम्बाब्वेची मुलगी. तिलाही सातवाच. चैत्रालीनं तिला हाताला धरून मालविकाशेजारी बसवलं. कुणी फुलांचा मुकुट चढवला. पेढा की बर्फी, म्हणून दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. रुतेंडोनं दोन्ही उघडल्या आणि दोन्ही खाल्लं.

"अगं बाई, जुळं!" बायका खिदळल्या.

"आणि तेज बघा चेहऱ्यावर. गाल कसे भरलेत!" नाशिकच्या काकू म्हणाल्या. "दृष्ट काढा गं हिची."

फुलांच्या बांगड्या बांधायचं काम आसावरीकडे आलं. आपल्या वाट्याला साधा गजरा आला नाही, आणि हिला न मागता सगळं. तिनं दोरा जरा जोरातच ओढला. तो मनगटात रुतला. सैल केला तरी खाच तशीच राहिली.

तेज नव्हतं ते, सूज होती.

"डॉक्टरला दाखवलंस?" तिनं हळूच इंग्रजीत विचारलं.

"पुढच्या महिन्यात, मॅडम. सुट्टी नाही मिळत. स्टेडियमकडचे रस्ते खोदलेत, जायला-यायलाच चार तास." रुतेंडोनं कपाळ दाबलं. "या एसीनं डोकं दुखतं, बाकी काही नाही. माझ्या आईला कुठे होता डॉक्टर? सहा मुलं झाली तिला. चार आहोत."

आसावरी बोलणार, तेवढ्यात चैत्राली ओरडली, "रुतेंडो, स्माइल! आसावरी, तू जरा बाजूला हो गं, मध्ये येतेस."

ती बाजूला झाली. मिरवू दे, मिरवू दे तिला.

कामगारांच्या बसचा हॉर्न वाजला. रुतेंडो फुलांसकट पळाली. पानं वाढली गेली. आसावरीनं मसालेभात थोडा वेळ चिवडला, आणि एकदम उठून गेटकडे धावली.

"बस तो निकल गई, मॅडम," वॉचमन रहमान म्हणाला.

"कहाँ रहती है वो?"

"मालूम नहीं. कंपनी का कँप है कहीं. आज जुम्मेरात, ऑफिस भी बंद हो गया. कल-परसों छुट्टी. अब संडे को."

ती आत आली. रुतेंडोचा नंबर, आडनाव, नवऱ्याचं नाव: कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचे फोटो मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये मिळून चाळीस निघाले.

आसावरीनं त्यातला एक घेतला आणि फोनमधल्या प्रत्येक ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं:

"ही रुतेंडो. सातवा महिना. हिची तब्येत धोक्यात आहे. मला दिसलं होतं, मी बोलले नाही. तुम्ही कामगारांच्या कँपजवळ राहत असाल, तर आत्ता जा, हा फोटो दाखवा, हिला शोधा. 'आय ॲम फाइन, मॅडम' म्हणेल. ऐकू नका. गाडीत बसवा."