तेरावा श्वास

ऐंशीच्या दशकात मामा एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्यांची एकच कॅसेट निघाली आणि तीही खपली नाही. गाणारी बाई पुढे आजारपणात गेली. "तसला गळा परत झाला नाही, आणि कुणाला पत्ताही नाही," असं मामा अजून हळहळतो.

जुन्या कॅसेटी साफ करून देणं हा माझा धंदा. मामाची ती कॅसेटही घेतली, आणि खरखर काढता काढता सवयीने मी तिचे श्वासही कापले.

मामा भडकला. "गाढवा, आवाज चढवण्याआधी ती कसला श्वास घ्यायची! निम्मं गाणं त्यातच होतं."

कापलेले तुकडे मी कधी फेकत नाही. बारा होते. ते परत जोडायला सकाळी बसलो, तर तेरा निघाले.

दुकानाची दुसरी किल्ली मामाकडे असते.

"काही उद्योग केलास का इथे?" मी विचारलं.

"मला तुझं मशीन सुरू तरी करता येतं का?" तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला. "तूच म्हाताऱ्याची थट्टा करतोयस."

मी तेरावा तुकडा लावला. श्वास लांब होता, संपेचना.

मामाचा चेहरा उतरला. "हा आमच्या कॅसेटवरचा नाही. बंद कर."

मी मशीन बंद केलं. मग वायरही उपटली.

श्वास आत जातच राहिला. मामाची बोटं, तिला सुरुवात द्यायच्या जुन्या सवयीने, टेबलावर मोजू लागली. एक, दोन, तीन.

चौथ्या ठोक्याला श्वास थांबला, सूर लागण्याआधी थांबतो तसा.