एक भारदस्त शब्द

लिफ्टचे ब्रेक झिजले होते, पण साहेबांनी तपासनीसाला आधीच बजावलं होतं, "झिजलेत-बिजलेत लिहू नकोस रे बाबा, लोक डोकं खातात. जरा सभ्य भाषेत घाल." मग त्याने मोबाइलवर तासभर शोधून एक भारदस्त इंग्रजी क्रियापद हुडकून काढलं, ‘डेरोगेट’. म्हणजे ठरलेल्या दर्जापासून ढळणं. ब्रेक दर्जापासून ‘डेरोगेट’ करतात, असं त्याने ऐटीत लिहिलं आणि खाली सही ठोकली. साहेब जाम खूश झाले. कागद लिफ्टमध्ये आरशाशेजारी चिकटला.

महिन्याभराने तो पुन्हा त्या इमारतीत गेला. समोर लिफ्ट माणसांनी गच्च भरली होती, "या की, एकाची जागा आहे," असं कुणी म्हणालंही. त्याचं पाऊल काही आत पडेना. तो मुकाट जिन्याकडे वळला.

चौथ्या मजल्यावर कठडा धरून त्याच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई धापा टाकत उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही जिन्याने?"

"तुझा कागद वाचला ना मी. शब्द अगदी अचूक वापरलायस हो."

त्याची मान खाली गेली. "मग बाकीच्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की, घसा कोरडा पडेपर्यंत. पण त्याआधी मीच सगळ्यांना मिरवून सांगून बसले होते, की ही सही माझ्या विद्यार्थ्याची आहे म्हणून."


बाई पुढची पायरी चढल्या. "आता ते मलाच म्हणतात, 'बाई, मग भ्यायचं कशाला?'"