घरची केस

माझे सासरे, बापूसाहेब, जबलपूरला हायकोर्टात जज होते. नात्यातल्या कुणाची केस समोर आली की ती दुसऱ्या जजकडे सोपवून ते उठून जायचे. सिविल लाइन्समध्ये लोक अजून त्याचे दाखले देतात. त्याच नावाकडे पाहून बाबांनी मला नागपूरहून इथं दिलं.

काल ह्यांनी माझ्यावर पुन्हा हात उचलला. आमच्या लेकीला, कुहूला, कडेवर घेऊन मी बापूसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही त्यांना काहीच काहून म्हणत नाही? मी हिला घेऊन माहेरी चालले."

"बेटा, घरच्यांचा न्याय मी आजवर कधी केला नाही," ते शांतपणे म्हणाले आणि खुर्चीवरून उठले.

 

दारापाशी जाऊन वळले. "तुला जायचं तर जा. पोरगी इथंच राहील."