कशेळीचा चढ

माझ्या सायकलचा गियर मागच्या चाकाच्या मधोमध, हबच्या आत होता. तिला रेसिंगचं वाकडं हँडल आणि त्यावर गियरचे खटके बसवायला टेमघरचे सायकलवाले माधवकाका तेवढे तयार झाले; आठ दिवस खपले. काकांनी सायकल घरी पाठवताच आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूचा भरगच्च हार बांधला, आणि मी निघालो.

कशेळीच्या पुलाच्या चढावर जीव खाऊन पायडल मारत खटका दाबला. गियर पडलाच नाही. आणखी जोर लावला तसा पाय सटकला आणि मी रस्त्यावर आपटलो. मागचा कंटेनर डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

तसाच रक्ताळलेला दुकानात गेलो आणि माधवकाकांना गचांडी धरून बाहेर ओढलं.

"म्हाताऱ्या, गियर पडत न्हाय! मेलो असतो मी!"

"भावेश, अरे ऐक तर..."

ते तोंड उघडायचे आणि मी हाणायचो. शेवटी त्यांचाच पाना उचलून त्यांच्या उजव्या हातावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज आला, तेव्हाच थांबलो.

घरी येऊन हँडलवरचा चुरगळलेला हार ओरबाडून काढला.

&nbsp;

हाराखाली हँडललाच चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी होती, माधवकाकांच्या वळणदार अक्षरातली: "भावेश, गियर बदलताना पायडल क्षणभर थांबव. जोर लावलास तर पडणार नाही."