एकशे ब्याऐंशी संदर्भ

मेश्राम सरांनी लेख शेवटच्या पानाकडून उघडला आणि समोर बसलेला डॉ. ओमेश रहांगडाले खुर्चीच्या कडेला सरकला.

लेख ओमेशचा होता. स्फटिकशास्त्रातलं रिव्ह्यू आर्टिकल, म्हणजे गेल्या चाळीस वर्षांत बाकीच्यांनी केलेल्या कामाचा आढावा. एकतीस पानं, परदेशी जर्नल, गुळगुळीत कागद. येत्या रविवारी कॉलेजात त्याबद्दल ओमेशचा सत्कार होता, आणि लेखावर दोन शब्द बोलायला त्यानं आपल्या निवृत्त गुरूंनाच गाठलं होतं. त्यासाठी पेढे घेऊन तो स्कूटरनं कुडव्याला सरांच्या घरी आला होता.

"मागून काऊन सुरू केलं सर?"

"संदर्भ पाहून राहिलो. लग्नात गेलं की आधी कोण कोण आलं ते पाहतो आपण. जेवण मग."

"तुम्हीही आहात सर. चौसष्ट नंबरला."

सर खूश झालेले दिसले. चौसष्टचा उल्लेख लेखात कुठं आहे ते त्यांनी बोट फिरवत शोधलं आणि दारात तांदूळ निवडत बसलेल्या बायकोलाही कळावं म्हणून मराठी करून मोठ्यानं वाचलं, "या स्फटिकात पाण्याचे दोनच रेणू असतात, हे मेश्राम यांनी निर्विवाद सिद्ध केले."

सुमनबाईंचा हात सुपात थांबला.

"त्यात तं तीन निघाले होते ना जी?"

सरांनी त्या ओळीवरचं बोट उचललं.

"तीनच," सुमनबाईंनी ओमेशला सांगितलं. "दोन छापून आले, अन् मंग तिसरा सापडला. दोन दिवस जेवले नाही हे. मी म्हटलं, पाणीच तं आहे, एखादं जास्त झालं तं काय झालं."

"त्र्याण्णव साली दुरुस्ती छापली होती मी. अर्धं पान," सर म्हणाले. आवाज असा, की चूक अजूनही त्यांच्याच नावावर आहे. "तुले नसन भेटली."

सुटायला सरांनीच दार उघडं करून दिलं होतं. ओमेशनं नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण गुरूंसमोर भक्ती दाखवायची त्याला जुनी सवय.

"असं कसं सर? तुमचं सगळं काम माझ्याकडं आहे. रिटायर होताना तुम्ही फाइल दिली होती ना, ती जशीच्या तशी जपली आहे. दोरीसुद्धा सोडली नाही."

सुमनबाईंनी सुपातला एक खडा अंगणात टाकला.

आपण काय बोललो हे ओमेशच्या कानांना आधी कळलं. ते गरम झाले. खरं म्हणजे लेखातलं ते दोन रेणूंचं वाक्य त्यानं एका दुसऱ्या रिव्ह्यूतून उचललं होतं, त्या रिव्ह्यूनं तिसऱ्यातून. चांगल्या चांगल्या घराण्यांतून ती चूक तीस वर्षं सुखानं नांदत होती.

"जगात कोणालाच माहीत नाही हो काकू," तो म्हणाला. "सगळीकडं दोनच लिहिलं आहे."

"मले तं माहीत आहे," सुमनबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तांदळाला लागल्या.

ओमेशनं खुर्चीत बूड सावरलं. "सर, रविवारी तुम्हाला दगदग होत असेल तर राहू द्या. प्राचार्यच बोलतील."

"येतो ना. माझ्या विद्यार्थ्याचा सत्कार अन् मी काऊन नाही येणार? पण बोलायचं म्हणजे वाचून बोलावं लागन." सरांनी यादीची पानं मोजली. "एकशे ब्याऐंशी जरा लय होतात. मोतीबिंदू काढल्यापासून डोळे लवकर थकतात. असं कर, यातले तू स्वतः वाचले, तेवढ्यांवर खूण करून दे. तेवढे मी वाचून येतो."

ओमेशनं त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. नव्हती. असती तर बरं झालं असतं, हसून उठता आलं असतं.

सरांनी खिशातली पेन्सिल त्याच्या हातात दिली.

एकपासून त्यानं सुरुवात केली. सगळी नावं ओळखीची होती, रोज एकाच गाडीची वाट पाहणारी माणसं ओळखीची असतात तशी. पेन्सिल एकेका ओळीवर टेकायची आणि खाली सरकायची. चौसष्टवर ती टेकलीही नाही. सुमनबाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. सर खिडकीबाहेर पाहत होते, अगदी न संपणाऱ्या सवडीनं.

एकशे एकोणचाळीस आणि एकशे चाळीस हे ओमेशचे स्वतःचे पेपर होते. दोन्हींवर त्यानं ठसठशीत खूण केली.

मग त्यातल्या दुसऱ्या पेपरकडं तो थोडा वेळ पाहत राहिला. त्यावर त्याच्यासकट सहा जणांची नावं होती. त्यानं पेन्सिल उलटी केली आणि मागच्या रबरानं ती खूण हळूच खोडून टाकली.